सीडीसी ते सिनेट: आपलं म्हणणं नोंदवायचं कसं

स्टाफरूममध्ये आपण सगळेच कुलगुरू असतो. सिलॅबसचं कुठे बिघडलं, पेपर तपासणीचा गोंधळ कुणामुळे झाला, विद्यापीठाचा पैसा कुठे जिरतो, सगळं चहा येईपर्यंत ठरलेलं असतं आणि मग बेल वाजते. मीपण बारा-तेरा वर्षं त्यातलाच. मग एकदा कॉलेजच्या सीडीसीवर, म्हणजे महाविद्यालय विकास समितीवर, निवडून गेलो (निवडून म्हणजे काय, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही) आणि पाच वर्षांत जे शिकलो आणि जिथे जिथे माती खाल्ली ते इथे लिहून ठेवतोय, कारण दरवेळी कुणीतरी नवा सदस्य फोन करतो आणि तेच तेच विचारतो.

हे सगळं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ बद्दल आहे. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि १९९४ चा जुना कायदा गेला. कृषी विद्यापीठं, आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांचे कायदे वेगळे, तिथल्या लोकांनी आपापला कायदा काढून बघावा.

आधी एक सांगतो, सगळा कायदा एका बैठकीत वाचायला जाऊ नका, झोप येईल. कलम ९७ वाचा, दोनदा वाचा, प्रिंट काढून पेन्सिलने रेघा मारा. लोक सिनेट सिनेट (विद्यापीठाची अधिसभा) करत राहतात पण सिनेट वर्षातून दोन-तीनदा बसते आणि तिथे तुमच्या कॉलेजातून कुणी असेलच असं नाही. ९७ मधली महाविद्यालय विकास समिती, म्हणजे सीडीसी, ती तुमच्याच इमारतीत बसते, तुमच्याच कॉलेजचं बजेट तिच्यासमोर येतं, आणि तिच्यात शिक्षकांचे तीन आणि शिक्षकेतरांचा एक प्रतिनिधी असतो. निवडून आलेला हं, नेमलेला नाही. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून तीन निवडायचे, त्यात निदान एक बाई असली पाहिजे. नियमित शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आपल्यातून एक निवडायचा. बाकी संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी पाठवलेला माणूस, सचिव, प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख, संस्थेने घेतलेले चार स्थानिक लोक, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव, आणि प्राचार्य सदस्य-सचिव. म्हणजे मोजलं तर आपण अल्पमतात. हे मनात धरूनच आत जायचं. मतदानाने तुम्ही काही जिंकणार नाही, जे काही मिळेल ते इतिवृत्तात नोंद झाल्यामुळे मिळेल.

आता निवडणूक. बऱ्याच ठिकाणी काय होतं, जूनच्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणतात, सीडीसीवर अमुक सर, तमुक सर आणि मॅडम, चालेल ना सगळ्यांना? आणि सगळे माना डोलावतात कारण साडेपाचची गाडी पकडायची असते. ही निवडणूक नव्हे. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच चार-पाच जणांनी सह्या करून प्राचार्यांना साधं पत्र द्या की कलम ९७ प्रमाणे शिक्षक आणि शिक्षकेतर प्रतिनिधींची निवडणूक घ्यावी, मतदारांची यादी नोटीस बोर्डावर लावावी, एकापेक्षा जास्त नावं आली तर गुप्त मतदान घ्यावं. भांडणाचा सूर नको, विनंतीच करा. पण पत्र आवकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. तोंडी सांगितलेलं प्राचार्यांच्या केबिनचं दार ओलांडलं की विरून जातं, हा माझा अनुभव आहे आणि यात प्राचार्यांची फार चूक असते असंही नाही, त्यांच्या डोक्यावर जेडी ऑफिस (उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय), विद्यापीठ आणि संस्था तिन्ही बसलेले असतात.

उभं कुणी राहायचं? सगळ्यात जास्त बोलणारा माणूस पाठवू नका. मी स्वतः बोलका, म्हणून सांगतो. जो फाईल नीट लावतो, ज्याला आकडे वाचायचा कंटाळा नाही आणि ज्याचं स्वतःचं प्लेसमेंटचं, म्हणजे बढतीचं, प्रकरण संस्थेच्या टेबलावर अडकलेलं नाही, असा माणूस बघा. शेवटची अट महत्त्वाची आहे. कॅसची (बढतीच्या योजनेची) फाईल सहीसाठी थांबलेली असताना बजेटवर प्रश्न विचारायला लय जिगर लागते, आणि ती नसली तर त्याला दोष देऊन उपयोग नाही.

निवडून आलात की पहिलं काम म्हणजे मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं मागायची. लेखी. ती आली की बघा बैठका किती झाल्या, कायद्यात वर्षाला किमान चार आहेत. मग बघा 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात काय काय घेतलंय. आमच्याकडे सगळं महत्त्वाचं तिथेच असायचं, कार्यक्रमपत्रिकेवर स्वागत, श्रद्धांजली, अभिनंदन, मागील इतिवृत्त कायम करणे आणि मग ऐनवेळी लाखोंच्या खरेदीला मान्यता. आणखी एक शब्द शोधा, कार्योत्तर मान्यता. म्हणजे खर्च झालेला आहे, आता तुम्ही फक्त हो म्हणा. एखाद-दुसरा असेल तर ठीक, नळ फुटला तर कुणी बैठकीची वाट बघत नाही, पण दर बैठकीत चार-चार असतील तर तो विषय आहे.

आता माझी फजिती सांगतो. दुसऱ्याच बैठकीत विनाअनुदानित कोर्सच्या फीमधून जमलेल्या पैशाच्या वापरावर मी वीस मिनिटं बोललो, आकडेबिकडे देऊन, सचिवांनी पण ऐकून घेतलं, बाहेर आल्यावर दोघांनी पाठ थोपटली आणि मी खूश. तीन महिन्यांनी इतिवृत्त आलं. त्यात एक ओळ होती, सविस्तर चर्चेअंती विषय सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते! मी विरोध केला होता त्याचा मागमूस नाही, आणि हजेरीच्या रजिस्टरवर माझी सही आहेच. तेव्हापासून मी बोलायचं कमी केलं आणि लिहायचं वाढवलं. विरोध असेल किंवा वेगळं मत असेल तर बैठकीतच चार ओळी लिहून सदस्य-सचिवांच्या हातात द्यायच्या, म्हणायचं की माझं मत इतिवृत्तात घ्यावं, आणि घरी गेल्यावर त्याच रात्री तेच ईमेलने पाठवायचं. पुढच्या बैठकीत 'मागील इतिवृत्त कायम करणे' हा विषय येतो तेव्हा सगळे चहाच्या कपाकडे बघत असतात, पण दुरुस्ती सांगायची जागा हीच. एकदा कायम झालं की झालं.

विषय कसा द्यायचा? एका कागदावर एकच विषय. मी आधी एका पत्रात सात मुद्दे लिहायचो आणि उत्तर यायचं, 'आपल्या पत्रातील मुद्द्यांची नोंद घेण्यात आली आहे.' आता असं लिहितो:

'प्रति, मा. प्राचार्य तथा सदस्य-सचिव, महाविद्यालय विकास समिती. विषय: पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत विषय घेण्याबाबत. ग्रंथालय परीक्षेच्या काळात संध्याकाळी सहाऐवजी आठपर्यंत उघडे ठेवण्याबाबत विचार करणे व त्यासाठी लागणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात करण्याची शिफारस करणे. सोबत मागील वर्षाच्या परीक्षा काळातील वाचकसंख्या जोडली आहे.'

बस. काय करायचंय, पैसे कुठून, आणि आधाराला एक कागद. 'विचार करणे व शिफारस करणे' ही भाषा मुद्दाम आहे, कारण सीडीसी बहुतेक गोष्टींची शिफारसच करते, अंतिम मान्यता संस्थेची. बजेट तयार करून संस्थेकडे पाठवायचं, नवीन कोर्स आणि जास्तीची शिक्षक-शिक्षकेतर पदं यांची शिफारस करायची, विनाअनुदानित कोर्सचा आढावा घ्यायचा, कर्मचाऱ्यांच्या कल्याणाबद्दल सूचना करायच्या, आयक्यूएसीचे अहवाल बघायचे, हे सगळं तिच्या कामात लिहिलेलं आहे. तुमचा विषय यातल्या कशात बसतो ते पत्रात लिहिलं तर 'हा समितीचा विषयच नाही' हे उत्तर येत नाही.

शिक्षकेतरांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. सिनेटच्या निवडणुकीत प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक, पदवीधर सगळ्यांचे मतदारसंघ आहेत, शिक्षकेतरांचा तसा स्वतंत्र मतदारसंघ नाही. हे मला कधीच पटलं नाही, विद्यापीठ खरं चालवतात ती हीच माणसं, परीक्षेचा एक हंगाम हेड क्लार्कशिवाय काढून दाखवा. म्हणून सीडीसीवरची ती एक जागा फुकट घालवू नका. आमच्याकडे एक लॅब असिस्टंट होते, दोन वर्षं एक शब्द बोलले नाहीत, आम्हाला वाटलं दडपून गेलेत. एका बैठकीत त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर तारखा होत्या, कुठल्या परीक्षेच्या कामाचं मानधन शिपाई आणि लॅबच्या लोकांना मिळालं नाही, बिल कुठल्या दिवशी दिलं, कुणाच्या टेबलावर आहे. दीड मिनिटात वाचून दाखवलं आणि खाली बसले. सचिवांना काही बोलायला जागाच नव्हती, महिन्याभरात पैसे झाले. मी पाच वर्षांत एवढं साधलं नाही. शिक्षकेतर मित्रांना माझं सांगणं, इंग्रजी येत नाही, सरांसारखं बोलता येत नाही वगैरे सोडा, मराठीत बोला, तारखा घेऊन जा. आणि बैठकीच्या आदल्या दिवशी शिक्षक प्रतिनिधींबरोबर बसून घ्या, म्हणजे तुम्ही विषय काढला की दुसरं कुणीतरी 'अनुमोदन' म्हणेल. तुमच्यातले जे पदवीधर आहेत त्यांनी पदवीधर मतदार नोंदणीची अधिसूचना निघाली की नियम वाचून नाव लागत असेल तर लावून टाकावं.

तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणारे सीएचबी शिक्षक, ही त्याहून अवघड गोष्ट. कायद्यात प्रतिनिधी निवडायचा हक्क पूर्णवेळ शिक्षकांना, त्यामुळे अर्धा डिपार्टमेंट सीएचबीवर चालत असला तरी त्यांना मत नाही. कागदावर याला उपाय नाही. पण निवडून आलेल्याने सत्राच्या सुरुवातीला त्यांच्याबरोबर एकदा बसायला कुणी अडवलेलं नाही, मानधन किती महिन्यांचं थकलंय ते विचारून विषय तुमच्या सहीने द्या. त्यांना सही करायला लावू नका, पुढच्या वर्षी मुलाखत त्यांची आहे, तुमची नाही.

आता विद्यापीठ पातळी. अधिसभा म्हणजे सिनेट, कलम २८. कुलपती, म्हणजे राज्यपाल, तिचे अध्यक्ष, ते नसले की कुलगुरू. निवडून येणाऱ्यांत दहा प्राचार्य, कॉलेजांतले दहा शिक्षक, विद्यापीठ विभागांतले तीन शिक्षक, सहा संस्थाचालक, दहा पदवीधर. कॉलेज शिक्षकांच्या दहापैकी पाच जागा राखीव आहेत. विद्या परिषदेवर आठ शिक्षक निवडून जातात, चार विद्याशाखांतून दोन-दोन, आणि अभ्यास मंडळांवर विभागप्रमुखांमधून तीन-तीन. सिनेटमधून पुढे व्यवस्थापन परिषदेवर दोन शिक्षक जातात आणि खरा खर्चाचा आणि नेमणुकांचा कारभार तिथेच होतो. कुलगुरू निवडीच्या शोध समितीत एक सदस्य व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद मिळून सुचवतात, म्हणजे तुम्ही ज्याला मत दिलंत त्याचा हात तिथपर्यंत पोचू शकतो. मत द्यायला कंटाळणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

मतदार यादी बघा, एवढं तरी करा. कच्ची यादी लागते, हरकतींना मोजकेच दिवस असतात, आणि दरवेळी कुणाचं ॲप्रूव्हल (नेमणुकीला मान्यता) पत्र विद्यापीठात पोचलेलं नाही, कुणाची विद्याशाखा चुकलेली, कुणाचं नाव जुन्याच कॉलेजात. ॲप्रूव्हलची झेरॉक्स मोबाईलमध्ये स्कॅन करून ठेवा. ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक यांनी तर नक्की बघा, कायद्याच्या व्याख्येत ते शिक्षकच आहेत पण याद्या करताना कॉलेज ऑफिस त्यांना विसरतं.

मतदान पसंतीक्रमाने असतं आणि इथे पीएचडीवाले लोक मतं बाद करतात, हसू नका, खरंय. फुली किंवा टिक मारायची नाही, आकडे लिहायचे, १, २, ३. पहिली पसंती दिली नाही तर मत बाद. एकच आकडा दोघांपुढे लिहिला तरी गडबड. प्रत्येक प्रवर्गाची मतपत्रिका वेगळी असते, खुल्याची भरली आणि बाकीच्या तशाच टाकल्या असं करू नका. निवडून यायला कोटा पूर्ण करावा लागतो, वैध मतांना जागा अधिक एकने भागायचं आणि उत्तरात एक मिळवायचा. समजा पाच जागा आणि १२०० वैध मतं, तर १२०० भागिले ६ म्हणजे २००, कोटा २०१. तुमच्या पहिल्या पसंतीचा माणूस कोट्याच्या वर गेला किंवा बाद झाला की पुढची पसंती कामाला येते, म्हणून दुसरी-तिसरी पसंती ओळखीखातर वाटून टाकू नका. बुक्टू, नुटा, सुटा अशा शिक्षक संघटना पॅनेल देतात, दुसरीकडून संस्थावाले पण देतात. पॅनेलला मत द्या नाहीतर माणसाला द्या, पण मागच्या पाच वर्षांत त्याने सिनेटमध्ये किती प्रश्न विचारले ते इतिवृत्तातून काढून बघा, मग द्या.

निवडणुका वेळेवर होतीलच असंही समजू नका. मुंबई विद्यापीठाची पदवीधरांची सिनेट निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर होऊन स्थगित झाली आणि शेवटी उच्च न्यायालयाने सांगितल्यावर २४ सप्टेंबर २०२४ ला मतदान झालं. त्यामुळे कागदपत्रं कायम तयार ठेवलेली बरी.

सिनेट सदस्य निवडून आला की त्याला कामाला लावणं हे आपलं काम. प्रश्न आणि ठराव आधी मुदतीत द्यावे लागतात, ती मुदत विद्यापीठाच्या परिनियमात असते. अर्थसंकल्पाची बैठक साधारण मार्चमध्ये, म्हणजे जानेवारीतच त्याच्याकडे मुद्दे पोचले पाहिजेत, बैठकीच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर 'सर आमचा पण विषय घ्या' पाठवून काही होत नाही. प्रश्न असा द्या की उत्तरात आकडा यावाच लागेल. 'परीक्षा विभागाचा कारभार सुधारणार का' असं विचारलं तर उत्तर येतं, होय. त्याऐवजी, मागच्या दोन वर्षांत पुनर्मूल्यांकनाचे अर्ज किती, त्यातल्या किती जणांचे गुण बदलले, किती निकाल मुदतीनंतर लागले. आणि कलम १२(७) खाली कुलगुरूंनी तातडीचे म्हणून किती निर्णय घेतले आणि ते संबंधित प्राधिकरणापुढे कधी ठेवले, हा प्रश्न दरवर्षी एकाने तरी विचारावा. ती तरतूद आणीबाणीसाठी आहे, सोयीसाठी नाही.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार आहेच, २००५ चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. पण आपल्याच कॉलेजात स्वतःच्या नावाने अर्ज टाकला की संबंध बिघडतात हे पण खरं, म्हणून मी आधी सदस्य म्हणून दोनदा लेखी मागतो, तिसऱ्यांदा अर्ज. आजवर दोनदाच वेळ आली. अर्जात 'का' विचारू नका, 'अमुक तारखेच्या बैठकीच्या इतिवृत्ताची साक्षांकित प्रत' एवढंच मागा.

माझी मुदत संपली तेव्हा सगळी फाईल, पत्रांच्या पोचा, इतिवृत्तं, दुरुस्त्यांचे ईमेल, आमच्या ग्रंथपाल मॅडमच्या हवाली केली, त्या निवडून आल्या, यावेळी खरंच मतदान झालं, तीन जागांना पाच जण होते. ग्रंथालय आठपर्यंत उघडं ठेवायचा विषय त्याच फाईलमध्ये आहे, तीन बैठकांत 'पुढील बैठकीत घ्यावा' असा शेरा मारलेला. चौथ्या बैठकीची नोटीस अजून निघालेली नाही, मॅडमनी परवा पत्र दिलंय, आवक नंबर घेऊन.